लॅपटॉप उठत नाही: घरी उघडायचा, दुकानात द्यायचा की सर्व्हिस सेंटरला न्यायचा?

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरी काकांचा लॅपटॉप नेमका सप्टेंबरातच बंद पडला. हिशेब, ऑडिट रिपोर्ट, पुनर्विकासाचा बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार, सगळं त्या एकाच डब्यात. काका दारात येऊन म्हणाले, "अरे, हा उठतच नाहीये. गोखले रोडच्या दुकानात टाकून येऊ का?"

मी विचारलं, "काका, वाचवायचंय काय? लॅपटॉप की फायली?"

ही दोन कामं वेगळी आहेत. दुकानदाराकडे मशीन जातं ते चालू करून घ्यायला. त्याने विंडोज नव्याने टाकलं आणि पडदा उजळला की त्याचं काम झालं. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानात लॅपटॉप दिला होता. संध्याकाळी तो चकाचक होऊन परत आला, डी ड्राइव्हसकट रिकामा. "साहेब, डेटा पाहिजे असं तुम्ही बोलला नव्हता." खरंच बोललो नव्हतो.

म्हणून आधी 'उठत नाही' म्हणजे नक्की काय ते बघा. चार्जरचा दिवाच लागत नाही, किंवा दिवा लागतो, पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, तर दोष बहुधा पॉवर, रॅम, डिस्प्ले किंवा मदरबोर्डचा असतो. फायली डिस्कवर जशाच्या तशा असतात. अशा वेळी "विंडोज परत मारायला लागेल" असं कोणी म्हणालं तर लॅपटॉप उचलून घरी या. कंपनीचा लोगो येऊन पुढे चक्र फिरत राहत असेल किंवा एररचा निळा (नव्या विंडोजमध्ये काळा) पडदा येत असेल, तर भानगड विंडोजची किंवा डिस्कची. आणि जुन्या हार्ड डिस्कमधून टिक-टिक आवाज येत असेल, तर तिथेच थांबा, पुन्हा चालू करून बघू नका.

फुकटचे उपाय सगळ्यांच्या आधी. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जरवर चालू करा. पडदा काळाच राहिला तर एचडीएमआयची वायर टीव्हीला लावून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर बिघाड नुसता स्क्रीनचा, आणि फायली आत्ताच्या आत्ता काढून घेता येतात.

लोगोनंतर अडकणाऱ्या विंडोजसाठी घरचा उपाय दुकानापेक्षा सरस, असं माझं ठाम मत आहे. दोन-तीनदा सुरू होता होता मध्येच बंद पडलं की विंडोज आपणहून दुरुस्तीचा निळा पडदा आणतं. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. काळ्या खिडकीत नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडलं की फाइल मेनूतून ओपन घ्या आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. बघता बघता पूर्ण ड्राइव्ह समोर येतो. यूझर्समधल्या आपल्या नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, पेन ड्राइव्हमध्ये जाऊन पेस्ट. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी म्हणून भलतंच काही दिसलं तर घाबरू नका. कॉपी किती झाली हेही दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. चहा टाका, पण बटण दाबू नका.

त्याच पडद्यावर 'रीसेट धिस पीसी' आणि त्यात 'कीप माय फाइल्स' हा गोड पर्याय असतो. तो तुमच्या नावाचं फोल्डर राखतो, टाकलेले प्रोग्रॅम मात्र उडतात. टॅली उडालं की अकाउंटंटचा फोन येतोच. फायली बाहेर काढल्याशिवाय मी तिथे बोट लावत नाही. दुरुस्तीचा निळा पडदाही येत नसेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, तयार करा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा, 'ट्राय' निवडा आणि फायली कॉपी करा. 'इन्स्टॉल' चुकूनही नको.

लॅपटॉप मुळात चालूच होत नसेल, तर डिस्क काढून बाहेरच्या डबीत, म्हणजे एन्क्लोजरमध्ये घालायची. अडीच इंची, साटा जोडणीच्या डिस्कची डबी काही शे रुपयांत मिळते. च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क असेल, तर तिची जोडणी एनव्हीएमई आहे की साटा, हे लेबलवर वाचा, कारण दोन्हींच्या डब्या सहसा वेगळ्या असतात. दुकानात पट्टीचा फोटोच दाखवा. अलीकडची मॅकबुक आणि काही बारीक लॅपटॉप यांच्यात स्टोरेज बोर्डवरच जोडलेलं असतं. तिथे हा मार्ग बंद, बोर्ड जिवंत करणारा कारागीरच शोधावा लागतो.

सगळ्यांना आडवं येतं ते बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप. अनेक नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिस्क गुपचूप कुलूपबंद झालेली असते, आणि बाहेर काढली की ती ४८ आकडी किल्ली मागते. किल्ली बहुतेक वेळा त्याच खात्यात, मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर सापडते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, तेव्हा दुरुस्ती होती एक फाइल उडवण्याची, पण अनेक ऑफिसांत लोक अडकले ते या किल्लीपाशी. मदरबोर्ड बदलला तरी ती लागते. लॅपटॉप कुठेही देण्याआधी ती शोधून ठेवा.

आता दुकान विरुद्ध सर्व्हिस सेंटर. बोर्डवरचा एखादा शॉर्ट शोधून चिप बदलणारा कारागीर ठाण्यातल्या छोट्या दुकानात भेटू शकतो. सर्व्हिस सेंटर सहसा अख्खा बोर्डच बदलतं आणि वॉरंटी संपली असेल तर त्या आकड्यात जुना लॅपटॉप विकत येतो. वॉरंटी चालू असेल तर मात्र दुकानाकडे वळूही नका. पण सेंटरमध्ये सही करायच्या फॉर्मवर डेटाची जबाबदारी आमची नाही असं छापलेलं असतं, आणि वॉरंटीत डिस्क बदलली तर जुनी बहुधा कंपनीकडेच राहते. म्हणजे फायली आधी काढायच्याच, आणि त्यासाठी झाकण उघडलेलं वॉरंटीत चालतं का, हे त्यांना फोनवर विचारून घ्यायचं. दुकानात दिलात तर पावतीवर 'डेटा हवा, फॉरमॅट करू नये' हे त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. त्याहून उत्तम म्हणजे डिस्क काढून घरी ठेवा. पॉवर किंवा डिस्प्लेच्या दुरुस्तीला ती लागत नाही, टेस्टिंगला दुकानदार स्वतःची लावतो, आणि घरचे फोटो परक्याच्या टेबलावर जात नाहीत.

डेटा रिकव्हरी लॅबचं बिल पाच आकड्यांत जाऊ शकतं. टिक-टिक करणारी, पडलेली किंवा कुठेच न दिसणारी डिस्क असेल तरच तिकडे जा, आणि जायच्या आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवून मरणाऱ्या डिस्कला आणखी दमवू नका. 'डेटा नाही तर पैसे नाहीत' ही अट आधीच विचारा. एसएसडीवरून पुसल्या गेलेल्या फायलींची आशा मात्र फारशी धरू नये, ट्रिम नावाची सोय त्या जागा लवकरच मोकळ्या करते.

काकांचा लॅपटॉप दुसऱ्या प्रकारचा निघाला: दिवा लागतो, पडदा काळा. रॅम काढून खोडरबरने पुसून परत बसवली, फरक शून्य. एसएसडी डबीत घालून माझ्या मशीनला लावली तर किल्ली मागितली. खातं निघालं पुण्यातल्या मुलाचं, त्यानेच लॅपटॉप सेट करून दिला होता. त्याने ४८ आकडे व्हॉट्सॲपवर पाठवले, काकांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक वाचले, मी टाइप केले. 'ऑडिट फायनल', 'ऑडिट फायनल २' आणि 'ऑडिट खरंच फायनल' अशा तिन्ही फायली मिळाल्या.

मग लॅपटॉप गोखले रोडला दिला. तासाभरात दुकानातून काकांना फोन आला, "काका, यात एसएसडीच नाहीये. कुणी काढून घेतली की काय?"

"आहे ना," काका म्हणाले, "देव्हाऱ्याच्या खणात."