असरची वाचन चाचणी: पालक सदस्याच्या नजरेतून

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एखाद्या पालकाने ‘मुलाला अजून वाचता येत नाही’ असे म्हटले, की मिळणारी उत्तरे ठरलेली असतात: घरी अभ्यास घेत जा, मोबाइल काढून घ्या, येईल हळूहळू. पालक गप्प बसतो, कारण त्याच्याजवळ तक्रार असते, पण पुरावा नसतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणातील वाचन चाचणी ही उणीव कितपत भरून काढते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. जिल्हा परिषद शाळेच्या समितीतील पालक सदस्य या नात्याने ती वापरून पाहिल्यानंतर हे लिहीत आहे.

चाचणी म्हणजे एक साधा कागद. त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढेच असते. मराठी नमुने असर सेंटरच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे खर्च येतो तो झेरॉक्सचा. २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांकडून हेच वाचून घेतले जाते.

घेण्याची पद्धत मला कागदापेक्षाही शहाणपणाची वाटली. सुरुवात अक्षरांपासून न करता परिच्छेदापासून करायची. मूल तो वाक्य म्हणून, सावकाश का होईना, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचत असेल तर गोष्ट द्यायची, अडखळत असेल तर शब्दांकडे आणि तेथेही जमले नाही तर अक्षरांकडे यायचे. शब्द किंवा अक्षरे कोणती वाचायची हे मूलच निवडते. पाचांपैकी चार बरोबर आली की ती पायरी त्याची. एका मुलाला काही मिनिटे लागतात, आणि घेणाऱ्याला स्वतःला नीट वाचता येत असले की पुरते.

आमच्या शाळेत चौथीतील एक मुलगी पाठ्यपुस्तकातील धडा घडाघडा म्हणत असे, म्हणून तिचे वाचन उत्तम समजले जात होते. अनोळखी परिच्छेद समोर येताच ती शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणू लागली. ‘पाऊस’च्या जागी ‘पाणी’, ‘विहीर’च्या जागी ‘विमान’. सुटी अक्षरे तिला सगळी येत होती, पण वेलांटी आणि उकार लागले की ती थांबत होती. ‘मुलगी कच्ची आहे’ या शेऱ्याऐवजी ‘हिला वेलांटी-उकारांचे वाचन नव्याने शिकवावे लागेल’ असे नेमके वाक्य वर्गशिक्षिकेसमोर ठेवता आले, आणि बाईंनाही ते आरोपासारखे वाटले नाही.

अशी मागणी करणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणानुसार स्थान द्यावे लागते. कलम २४ तर प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणे आणि प्रगती पालकांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरवते. बैठकीत हे कलम कोणी वाचून दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता दोष. सर्वांत मोठा दोष कागदाचा नसून त्याच्याकडून ठेवल्या जाणाऱ्या अपेक्षेचा आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात संशोधक अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले होते. गावकऱ्यांना तेथील ग्राम शिक्षण समितीच्या अधिकारांची माहिती देऊन आणि मुलांची चाचणी घ्यायला शिकवूनही सरकारी शाळेतील अध्यापनात फरक पडला नाही. ज्या गावांत स्वयंसेवकांना शिकवण्याची पद्धत समजावून वाचनवर्ग भरवले गेले, तेथे त्या वर्गांना येणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले. म्हणजे निकालाची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून निघून येणाऱ्या पालकाला या चाचणीचा फारसा उपयोग नाही.

दुसरे, समान संधीच्या दृष्टीने हा कागद स्वतःही पुरता निष्पक्ष नाही. घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी परिच्छेदावर अडले, तर ते वाचनात कच्चे आहे की मराठीत, हे येथे कळत नाही. शिवाय मोठ्याने वाचलेले समजले की नाही, हे ही पायऱ्यांची चाचणी विचारत नाही, आणि दुसरीच्या पुढे तिची मजल नाही. मात्र ही शेवटची तक्रार सध्या चैनीची वाटते, कारण २०२४ च्या असर अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच ती दुसरीची गोष्ट वाचता येत होती.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, म्हणून चाचणी शाळा उघडताच घ्यावी आणि ती मुले परतल्यावर त्यांची पुन्हा घ्यावी. दुसऱ्या वेळी नमुना बदलावा, नाही तर गोष्ट पाठ झालेली असते. मुलांची नावे फळ्यावर किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. समितीच्या इतिवृत्तात मात्र केवळ आकडे न लिहिता, कोणत्या पायरीवर किती मुले आहेत, त्यांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून रोज किती वेळ वाचन घेतले जाईल आणि दोन वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी मदतीला कोण येईल, हे ठराव म्हणून लिहून घ्यावे आणि शाळा विकास आराखड्यात घालण्याचा आग्रह धरावा.