बोल्ट तुटला म्हणून नवीन हेड टाकलं म्हणाले, हेड जुनंच निघालं

गाडी गॅरेजला देणाऱ्या प्रत्येकाने वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणारा, सिलिंडर हेडला बोल्टने जोडलेला भाग) एक बोल्ट निघत नव्हता, एवढ्यावरून माझ्याकडून अख्ख्या नव्या सिलिंडर हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचे, पैसे घेतले आणि हेड बदललंच नाही.

झालं असं की थंड इंजिन चालू केलं की टक टक टक आवाज यायचा आणि गाडी गरम झाली की बंद व्हायचा. मॅनिफोल्डचं गॅसकेट (सांध्यात बसणारी सीलची पट्टी) लीक असलं की बऱ्याचदा असंच होतं, धातू तापून फुगतो आणि फट बुजते. म्हणजे काम काय तर मॅनिफोल्ड उतरवा, गॅसकेट बदला, परत बसवा. सकाळी गाडी दिली, दुपारी फोन, "साहेब, बोल्ट हेडमध्येच तुटला, आता हेड गेलं, नवीनच टाकावं लागेल." मी म्हटलं तुटलेला तुकडा काढता येत नाही का, तर म्हणे ॲल्युमिनियमचं हेड आहे, हात लावला की फुटणार, आणि बाहेर मशीनवर पाठवलं तर खर्च नव्या हेडएवढाच. वर घाई अशी की एकच हेड शिल्लक आहे, आत्ता हो म्हणा नाहीतर गाडी पडून राहील.

आता बोल्ट तुटला यात मेस्त्रीचा दोष नाही हे आधी सांगतो. एक्झॉस्टचे बोल्ट वर्षानुवर्षं तापतात आणि गार होतात, पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेला, त्यात ओल शिरली की दोन धातूंच्या मध्ये गंज धरतो आणि आटे जाम होतात. चांगल्या हाताच्या माणसाकडूनही असा बोल्ट तुटतो. लबाडी आहे ती त्यानंतरच्या "हेड गेलं" या वाक्यात.

कारण तुटलेला बोल्ट काढायचे मार्ग ठरलेले आहेत आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतात. तुकडा थोडा जरी बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारतात, वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सुटते आणि नटाला पाना लावून तुकडा फिरवून काढतात. आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या आट्याच्या ड्रिलने भोक पाडतात, पुष्कळदा ड्रिल करतानाच तुकडा सुटून बाहेर येतो. ईझी-आऊट (भोकात घालून तुकडा उलटा फिरवायचं हत्यार) हा शेवटचा उपाय, कारण तो कडक पोलादाचा असतो आणि आत मोडला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही, मग स्पार्क इरोजनवाल्याकडेच (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणाऱ्याकडे) जावं लागतं. आणि हे सगळं करताना आटे गेले तरी हेलीकॉइल बसवता येते, म्हणजे भोक थोडं मोठं करून, नवीन आटे पाडून त्यात स्टेनलेस तारेची गुंडाळी फिरवायची. नीट बसवली तर मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षाही जास्त टिकते. हेड खरंच जातं ते तडा गेला, दुरुस्त होणार नाही इतकं वाकलं किंवा ड्रिल भरकटून पाण्याच्या मार्गात घुसलं तर.

माझं प्रकरण उघडं पडलं ते तोच आवाज काही महिन्यांनी परत सुरू झाला तेव्हा. दुसऱ्या एका अनुभवी मेस्त्रीकाकांनी मॅनिफोल्ड उतरवला, बोल्टच्या भोकात टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं, आत तारेचं टोक चकाकत होतं आणि गुंडाळी तिरकी बसलेली, म्हणून बोल्ट नीट आवळत नव्हता. काका म्हणाले, "नव्या हेडला हेलीकॉइल कोण मारतं?" मग त्यांनी थिनरचं फडकं फिरवलं तर वरचा चंदेरी स्प्रे निघून आला आणि खाली जुन्या ऑइलचे काळे डाग. ओतकामाच्या वेळी हेडवर घड्याळासारखा छोटा तारखेचा शिक्का उमटवलेला असतो, त्यात साल माझी गाडी बनली तेच. आणि सगळ्यात चीड आली ती पुढे, वरचं कव्हर काढल्यावर हेड इंजिनला धरून ठेवणाऱ्या बोल्टवरच्या कंपनीच्या रंगाच्या रेघा जशाच्या तशा जुळलेल्या (बोल्ट सोडला की त्या सहसा जुळत नाहीत), म्हणजे हेड इंजिनवरून उतरलंसुद्धा नव्हतं! हेड उतरवणं-बसवणं, फेसिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणं), हेड गॅसकेट, कूलंट, सगळ्याची मजुरी बिलात लावलेली.

फोटो घेऊन पहिल्या गॅरेजला गेलो तर आधी म्हणे पोराने काम केलं, मला कल्पना नाही, नंतर म्हणे नवीन म्हणजे रिकंडिशन (दुरुस्त करून विकलेलं जुनं). मग जुनं हेड दाखवा म्हटलं तर भंगारात दिलं. पार्ट नंबर मागितला, तोही नाही, बिलावर नुसतं "हेड असेंब्ली" लिहिलेलं. मी फोटो, बिल आणि काकांचं लेखी मत जोडून तक्रार दिली आहे, ती मागे घेणार नाही.

तुम्हाला असा फोन आला तर लगेच हो म्हणू नका, तुटलेल्या बोल्टचा जवळून फोटो मागा किंवा स्वतः जाऊन बघा, आणि वेल्डिंग, ड्रिल, हेलीकॉइल यातलं काय काय करून पाहिलं ते विचारा. बदलायचंच ठरलं तर काम सुरू व्हायच्या आधी जुन्या हेडवरच्या नंबरचा आणि तारखेच्या शिक्क्याचा फोटो घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुनं हेड डिकीत टाकायला सांगा. ज्यांनी आधीच पैसे भरलेत आणि आता शंका येतेय त्यांनी हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर टॉर्च मारा, हेड गॅसकेटची कड थोडी बाहेर दिसते. नुकतंच बदललेलं गॅसकेट स्वच्छ असतं, माझ्याकडे त्या कडेवर ऑइल आणि धूळ भाजून दगडासारखी घट्ट झाली होती.