गिरिपुष्प म्हणून काशीद गळ्यात मारलं

72,900 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी मी सहा महिने 40 हजारच सांगत होतो.

गिरिपुष्पाची म्हणून 1,200 रोपं, नगाला 42 रुपये, म्हणजे 50,400. 'जिवाणू किट' 6,500. गाडीभाडं 4,200. कार्बन क्रेडिटची, म्हणजे झाडांनी हवेतला कार्बन धरला म्हणून पैसे मिळतात त्याची, नोंदणी 11,800, ती रोख आणि बिनपावतीची. खड्ड्यांचे 9,600 यात धरलेले नाहीत, ते मजुरांनी घाम गाळून घेतले. मे महिन्यापर्यंत दाबून ठेवलेलं 18 क्विंटल सोयाबीन मोंढ्यात 4,150 नं घातलं. हमीभाव 4,892 होता, तो कागदावर. आलेल्या 74,700 मधले 1,800 उरले. युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना येते. गेलेल्या पैशात 273 गोण्या आल्या असत्या, आणि मी निघालो होतो हवेतलं नत्र धरणारं झाड लावून युरिया बंद करायला.

रोपं विकणाऱ्याची बैठक कशी झाली ते सांगायची गरज नाही, तुमच्याही गावात झाली असेल. मारुतीच्या देवळात सतरंजी, पोहे, फ्लेक्स, 'पहिल्या दहा शेतकऱ्यांना सूट'. मी नववा.

मला गिरिपुष्प माहीत नव्हतं असं नाही. लातूर जिल्ह्यात आमची जमीन, वरचा वाटा मुरमाड. सोयाबीनवर सोयाबीन घेऊन माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब तळाला गेलेला. बांधावर गिरिपुष्प लावायचं, वर्षातून दोन-तीनदा छाटायचं, कोवळा पाला पिकाच्या ओळींमधल्या तासात टाकायचा, हे मी वाचलं होतं. बहिणीच्या सासरी त्याची रांगच आहे, तिकडं उंदीरमारी म्हणतात. अंगठ्याहून जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडाला रोवली की फुटते. फुकट. मग विकत का घेतलं? तो रोपं विकणारा म्हणाला, ''दादा, फांदीच्या झाडाला सोटमूळ येत नाही. कोरडवाहूत बियांचंच रोप पाहिजे.'' हे खरं आहे! कुणालाही विचारा. त्याचं निम्मं बोलणं खरं होतं, म्हणून उरलेलं निम्मं मी तपासलं नाही.

आता तो दिवस. जूनचा शेवटचा आठवडा. टेम्पो आला, आभाळ भरलेलं, सहा मजूर 400 रुपये रोजानं बसलेले. उतरवताना एक पिशवी फाटली, माती गळाली आणि रोप मुळासकट माझ्या हातात आलं. मूळ धुतलेल्या सुतळीसारखं साफ. एक गाठ नाही.

मी सोयाबीनवाला माणूस. चाळीस दिवसांचं सोयाबीन उपटलं की मुळाला गाठी लोंबतात, त्यांतले जिवाणूच हवेतलं नत्र धरतात. गाठ नखानं फोडली की आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ कामाची. हे मी माझ्या पोराला दाखवलेलं आहे. आणि गुडघाभर वाढलेल्या 'नत्राच्या झाडा'चं नागडं मूळ हातात धरून मी काय केलं? विचारलं, ''गाठी कुठायत?'' तो म्हणाला, ''सहा महिन्यांनी येतात, त्यासाठीच तर किट आहे.'' आणि मी ते रोप खड्ड्यात ठेवून माती लोटली. स्वतःच्या हातानं. पाऊस येईल, मजुरांचा रोज वाया जाईल, देवळात नऊ जणांसमोर हो म्हटलंय, एवढंच डोक्यात. आजही रात्री ते मूळ दिसतं.

किटमधल्या पाच बाटल्यांना गुळाच्या काकवीचा वास येत होता. परभणीला कृषी विद्यापीठात जिवाणू खत मिळतं, तिथून आणा. गावात येऊन विकणाऱ्याकडून थेंबही घेऊ नका.

पोळ्याला पुतणी आली, ती कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बांधावर उभी राहून म्हणाली, ''काका, हे काशीद आहे.'' तिनं एक पान तोडून दाखवलं. गिरिपुष्पाच्या एका दांडीवर बारक्या पानांची रांग असते आणि टोकाला एकटं बारकं पान. हिथं शेवटी जोडी. एवढा साधा फरक, एका मिनिटात दिसणारा. 'शेंगा येतात म्हणजे नत्र धरतं' असं तो बैठकीत म्हणाला होता आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. काशिदाला शेंगा येतात. चिंचेला, बहाव्याला, गुलमोहरालाही येतात. गाठी यातल्या एकालाही नाहीत. सुबाभूळ, शेवरी, हादगा, शिरीष, करंज, पांगारा यांना असतात. बाभळीलाही. आणि या रोपांना जागा करायला मी बांधावरच्या आजोबांच्या काळातल्या दोन बाभळी बुडातून काढल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

आता सरकारी दारांचं ऐका. कृषी कार्यालयात पहिल्यांदा गेलो तर सगळे अतिवृष्टीच्या पंचनाम्याला. ठीक, सप्टेंबरात आमच्याकडं आभाळच फाटलं होतं, तक्रार नाही. दुसऱ्यांदाही पंचनामे. तिसऱ्यांदा साहेब भेटले, म्हणाले, ''नियम फळरोपांच्या रोपवाटिकेला आहे, तुमचं झाड जंगली, वनवाल्यांकडं जा.'' वनवाले म्हणाले, ''आम्ही विकली का?'' पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर. मग, ''रोपं मिळाली ना? जिवंत आहेत ना? मग फसवणूक कशात झाली?'' मी पान दाखवलं. शिपाई हसला. ''दिवाणी मामला आहे, वकील बघा.'' अर्जाची पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब बंदोबस्ताला. ऑनलाइन फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकालाही फोन केला, पण तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, मी तीन महिन्यांनी केला. एकानंही निदान बांधावर येऊन झाड तरी बघावं? नाही.

सगळ्यांनी बोट ठेवलं ते पावतीवर. त्यावर लिहिलंय, 'विविध रोपे, 1,200 नग'. झाडाचं नावच नाही. ग्राहक आयोगातल्या वकिलानंही तेच सांगितलं. तेव्हा पावतीवर झाडाचं नाव लिहून घ्या, शास्त्रीय नावासकट, तोंड वाकडं करत असेल तर टेम्पो परत पाठवा. आधी दोन रोपं मागा आणि त्याच्या देखत मुळं धुवा. कार्बन क्रेडिटची नोंदणी फी रोख मागितली की चहा पिऊन उठा.

काशीद जगलंय बरं का, अकराशेच्या वर. हिरवंगार. रस्त्यानं जाणारे विचारतात, ''कोणतं झाड लावलं दादा, छान आलंय.''

दिवाळीनंतर उदगीरकडं लग्नाला गेलो होतो. फाट्यावर तोच फ्लेक्स. तोच फोटो, तेच 'पहिल्या दहा शेतकऱ्यांना सूट'. झाड मात्र आता महोगनी आहे.