फोल्डस्कोप: आमच्या आठवीच्या वर्गातला अनुभव

आठवीला पेशींचा धडा आला की प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर निघतो. फोकस मॅडम लावून देतात. पोरं रांगेनं येतात, डोळा लावतात, "दिसलं मॅडम" म्हणून पुढे सरकतात. काय दिसलं ते विचारा, पुस्तकातली आकृती सांगतील. इतकी वर्षं नागपुरात विज्ञान शिकवून माझं ठाम मत झालं आहे की ज्यानं फोकस स्वतः लावला, त्यालाच दिसतं.

म्हणूनच फोल्डस्कोप मला मोलाचा वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तयार केलेला हा कागदाचा सूक्ष्मदर्शक. प्रकाश मूळचे मेरठचे, हे मुलांना आवर्जून सांगते. चिवट कागदातून तुकडे सुटे करायचे, घड्या घालायच्या, ज्वारीच्या दाण्याहून लहान भिंग बसवायचं. यात एक अख्खी तासिका जाते. जाऊ द्यावी. वही कधी पूर्ण न करणारी मुलं घड्या सगळ्यांत सफाईनं घालतात.

वस्तू साधारण १४० पट मोठी दिसते. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकला की पेशी आणि केंद्रक स्पष्ट दिसतात, साखरेच्या कोमट पाण्यातलं यीस्टही दिसतं. दह्यातले जीवाणू दाखवायचं कबूल करू नका, त्यासाठी मोठाच सूक्ष्मदर्शक हवा.

शाळा उघडल्यावर एका मुलीनं घरच्या कूलरच्या टाकीतलं पाणी बाटलीत आणलं. त्यातली अगदी बारकी अळी काचपट्टीवर घेतली, खिडकीकडे धरून अंगठ्यानं फोकस सरकवत बसली. मी हात लावला नाही. बऱ्याच वेळानं ओरडली, "मॅडम, हिच्या पोटात काहीतरी सरकून राहिलं!" शेपटाकडची श्वासनळी तिनं वहीत काढली, तीही तिरपी, जशी दिसली तशी. दुसऱ्या दिवशी घरचा कूलर रिकामा झाला होता. डेंग्यूची पत्रकं आम्ही दर वर्षी वाटतो. पत्रक वाचून कूलर रिकामा केल्याचं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

चित्र काढून होईपर्यंत पुस्तक उघडू देऊ नये, हा माझा नियम. चुंबकानं मोबाइलला जोडायची सोय आहे, पण मोबाइल मी शेवटच्या दहा मिनिटांतच काढते, कारण पडद्यावर चित्र आलं की भिंगाला डोळा कोणी लावत नाही.

फोल्डस्कोप घ्यायचेच असतील तर दोन मुलांत एक, या हिशेबानं घ्या. चौघांत एक दिला की दोघं नुसते उभे राहतात. सुरुवातीला हात थरथरतो, चित्र निसटतं, मुलं वैतागतात. तेव्हा फोकस लावून देऊ नका. सूर्याकडे धरून मात्र कोणालाही बघू देऊ नका, ही ताकीद घड्या घालायच्या आधीच द्या.