गॅस्ट्रिक बायपासनंतरचे गरोदरपण : दादरमधील एका केंद्राचा अनुभव

दादरच्या एका खासगी केंद्रात माझी गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवण्यासाठी जठर लहान करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झाली आणि वीस महिन्यांनी मला दिवस गेले. शस्त्रक्रियेबद्दल तक्रार नाही. ती आणि त्यानंतरची देखभाल चोख होती. आहारतज्ज्ञ बाईंचे तर ऋण मानावे इतके काम आहे. सासूबाई ‘दोन जिवांची आहेस, पोटभर जेव’ म्हणून ताट वाढत, तेव्हा बाईंनी त्यांनाच बोलावून घेतले आणि एवढ्याशा जठरात आधी अंडे, बांगडा किंवा मुगाचे धिरडे का जायला हवे, भात मागून का, हे शांतपणे समजावले. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर, बी-१२चे इंजेक्शन, दर तिमाहीला रक्ततपासणी, हे सारे त्यांनी फाइलवर लाल शाईने लिहून दिले होते.

उणीव आहे ती शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात. वजन उतरू लागले की पाळी नियमित होऊन गर्भ लवकर राहू शकतो, बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण विसंबता येत नाही आणि मूल होण्यासाठी १२ ते १८ महिने थांबावे, हे कोणी आपणहून सांगितले नाही. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात मीच विचारले तेव्हा कळले.

दुसरी चूक अधिक त्रासाची ठरली. मी जिथे नाव घातले होते त्या प्रसूतिगृहाला केंद्राने साधी चिठ्ठी दिली असती, तर सहाव्या महिन्यात गरोदरपणातील मधुमेहाच्या तपासणीसाठी मला ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी प्यावे लागले नसते. बायपासनंतर साखर थेट आतड्यात उतरते. पंधरा मिनिटांत दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली आणि मी तिथल्याच बाकावर आडवी झाले. अशा वेळी आठवडाभर घरीच बोटातले रक्त घेऊन साखर तपासता येते, हे केंद्राला ठाऊक होते. ग्लुकोमीटर नंतर त्यांनीच दिला.

तरीही शस्त्रक्रियेचा मला पश्चात्ताप नाही. स्वीडनमधील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मातांपैकी १.९ टक्के मातांना गरोदरपणातील मधुमेह झाला, तर शस्त्रक्रिया न झालेल्या, पण पहिल्या मातांच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या वजनाएवढेच वजन असलेल्या मातांमध्ये हे प्रमाण ६.८ टक्के होते. मात्र वाढ कमी झालेली बाळे पहिल्या गटात १५.६ टक्के आणि दुसऱ्यात ७.६ टक्के होती, म्हणून बाळाच्या वाढीसाठी जादा सोनोग्राफी मी एकदाही चुकवली नाही. बायपास झालेल्या गरोदर बाईच्या पोटात जोराची कळ आली, तर आतडे अडकल्याची शक्यता असते; ती गॅसची समजून घरी थांबू नये.

या केंद्रात जाणाऱ्या तरुण मुलींनी नोंदणीच्या दिवशीच मुलाचा विषय काढावा आणि प्रसूतिगृहासाठी शस्त्रक्रियेच्या प्रकारासह चिठ्ठी मागून घ्यावी.