मराठी बोलून टाइप करायचंय? हेडसेट, कॉलर माइक की टेबलावरचा माइक

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना कापडाचे माग आहेत. सकाळी सुरू झालेला खडखडाट थांबतो तो जेवणवेळेला. याच घरात बसून मी बोलून मराठी टाइप करते. सुट्टीला खानापूर तालुक्यातल्या आत्याकडे जाते, तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणते आणि त्या संगणकाकडून लिहून घेते. या दोन्ही कामांना एकच माइक पुरेल असं मला आधी वाटायचं. तसं होत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि माइकही वेगळे लागतात.

माइक हलक्या दर्जाचा असल्यामुळे जेवढं चुकतं त्याहून जास्त तो तोंडापासून लांब असल्यामुळे चुकतं. अंतर दुप्पट झालं की आपला आवाज माइकपाशी सुमारे 6 डेसिबलने पडतो. ओठांपासून 5 सेंटिमीटरवरचा माइक 40 सेंटिमीटरवर नेला तर अंतर तीनदा दुप्पट होतं, म्हणजे 18 डेसिबल गेले. मागाचा आवाज मात्र तेवढाच राहतो, कारण माग दोन हात इकडे-तिकडे झाल्याने जवळ-लांब होत नाही. म्हणून टेबलावरचा महागडा माइक आमच्या घरात हरतो आणि गालाशी टेकलेला स्वस्त हेडसेट जिंकतो.

यूएसबी हेडसेट, म्हणजे कानावरून तोंडापर्यंत दांडी आलेला, कॉल सेंटरमध्ये वापरतात तसला. घरी बसून बोलून टाइप करणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सांगेन. मान वळवली तरी अंतर बदलत नाही, आणि मराठीसाठी हे फार मोलाचं आहे. आपल्याकडे क-ख, प-फ, ब-भ यांतला फरक श्वासाच्या झोताचा असतो. आवाज कमी-जास्त होत राहिला की तो झोतच आधी हरवतो. पण दांडी बरोबर ओठांसमोर धरू नका. 'भाकरी', 'फणस' म्हणताना वारा थेट माइकवर आदळतो आणि धप्प असा आवाज होतो. दांडी ओठांच्या कोपऱ्याशी, किंचित बाजूला ठेवा आणि त्यावरचा स्पंज काढू नका. दुसरा फायदा विजेचा. लॅपटॉप चार्जरला लावला की 3.5 मिलिमीटरच्या पिनच्या माइकमध्ये कधीकधी बारीक घरघर येते. यूएसबीत ती सहसा येत नाही, कारण आवाजाचं आकड्यांत रूपांतर हेडसेटच्या बाजूलाच होतं. पिनवालाच माइक असेल आणि घरघर येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर बोलून बघा.

ब्लूटूथचे इयरबड बऱ्याच जणांकडे आधीच असतात, त्यामुळे पहिला विचार त्यांचाच होतो. गाणी ऐकताना ते छान वाजतात, खरं माइक सुरू झाला की ते फोन कॉलच्या पद्धतीवर जातात. जुन्या जोडणीत तेव्हा आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुनेच घेतले जातात, म्हणजे आवाज तेवढ्याच वेळा मोजला जातो, आणि 4,000 हर्ट्झच्या वरचा सगळा बारीक आवाज कापला जातो. 'स'चा सळसळता भाग बराचसा त्याच्या वरच असतो. मग 'साल' की 'शाल' हे यंत्राला शेजारच्या शब्दांवरून ताडावं लागतं. नव्या इयरबडमध्ये 16,000 नमुन्यांची सोय असते, ते चालून जातात. तरी माइक कानापाशी, तोंडापासून वीतभर लांब राहतोच. आणखी एक गैरसमज मला वारंवार भेटतो. खोक्यावर 'नॉइज कॅन्सलिंग' लिहिलेलं बहुतेक वेळा आपल्या कानांसाठी असतं. आपल्याला माग ऐकू येत नाही, माइकला येतोच. माइकसाठी वेगळी सोय असेल तर ती खोक्यावर वेगळी लिहिलेली असते, ती शोधा.

फोनचा स्वतःचा माइक वाईट नसतो. शांत खोलीत फोन हनुवटीपाशी धरून बोललात तर दुसरं काही घ्यायची गरज नाही. 2017 पासून गूगलच्या बोलून टाइप करण्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. दोन-चार ओळींचे निरोप असतील तर तेवढ्यावर भागवा आणि पैसे वाचवा.

आता टेबलावरचा कंडेन्सर माइक. तो नाजूक आवाजही टिपतो, आणि इथे तेच अडचणीचं ठरतं. पंख्याची घरघर, भिंतीवरून परतणारा आवाज, शेजारच्या मिक्सरचा आवाज, सगळं तो इमानदारीने टिपतो. जाड पडदे, गादी, पुस्तकांनी भरलेलं कपाट असलेली बंद खोली असेल तर तो उत्तम. सिमेंटच्या उघड्या भिंतींच्या खोलीत नको. टेबलावरचाच हवा असेल तर डायनॅमिक घ्या, सभेत हातात धरतात त्या जातीचा. शुअरचा एसएम58 हा 1966 पासून याच कामाला आहे. त्याला संगणकाशी जोडायला वेगळी पेटी (ऑडिओ इंटरफेस) लागते. सॅमसनच्या क्यू2यू सारख्यांना यूएसबी आणि एक्सएलआर (सभेतल्या माइकची तीन पिनांची जोडणी) दोन्ही असतात, यूएसबीने जोडला तर पेटी लागत नाही. पण डायनॅमिक माइकशी चार बोटांच्या अंतरावरच बोलावं लागतं, आणि तासभर तसं बसणं सगळ्यांना जमत नाही.

ओव्यांची गोष्ट वेगळी. आत्याला हेडसेट घातला की ती अवघडते, आवाजच बदलतो. फोन समोर धरला तर फोनकडे बघून गाते. कॉलर माइक मात्र पदराला लावला की दोन मिनिटांत ती तो विसरते. बोया बाय-एम1 सारख्या तारेच्या माइकला 6 मीटर वायर असते, तेव्हा मी सोप्यात बसून आणि ती जात्यापाशी बसून रेकॉर्डिंग होतं. हा माइक सगळीकडून आवाज घेतो, म्हणून मान वळवली तरी शब्द सुटत नाहीत, पण जात्याची घरघरही येते. म्हणून आधी दळताना गाऊ द्यायचं, मग जातं थांबवून तीच ओवी नुसती सांगायला लावायची. गाणं जपून ठेवायला आणि सांगणं संगणकाला द्यायला. गायलेल्या शब्दांवर ही यंत्रं अजून फार अडखळतात. माइक छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली लावा. पदर, मंगळसूत्र घासणार नाही याची काळजी घ्या, कारण घासलेला आवाज नंतर काढता येत नाही.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा. पत्र्यावरचा पाऊस 'स'-'श' जिथे असतात तो वरचा पट्टाच झाकतो. पाऊस ओसरेपर्यंत थांबणं हाच उपाय.

बिनतारी कॉलर माइक सोयीचे आहेत, पण प्रत्येक वेळी चार्जिंग बघावं लागतं. पिनवाला कॉलर माइक घेताना फोनला पिनची जागा आहे का बघा. नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागतो, आणि काही अडॅप्टर ठरावीक फोनलाच चालतात. दुकानात तुमच्याच फोनला लावून रेकॉर्ड करून ऐका, मगच पैसे द्या.

नमुन्यांच्या मोठ्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. 2022 साली आलेली व्हिस्पर ही बोलणं लिहून देणारी यंत्रणा आवाज 16,000 नमुन्यांवर उतरवूनच ऐकते, 96,000ने रेकॉर्ड केलेलं असलं तरी. तिथे भाषा 'मराठी' अशी स्वतः निवडा. यंत्रावर सोपवलं तर ते कधीकधी हिंदी समजून लिहितं.

घेण्याआधी एक परीक्षा कराच. मी शंभर शब्दांचा एक परिच्छेद लिहून ठेवला आहे. त्यात येळ्ळूर, कुद्रेमानी, कंग्राळी, उचगाव ही गावं आहेत, 'साल-शाल' आहे, आणि आपल्याकडच्या 'करतंय की', 'खरं तसं न्हवं' अशा बोलण्याच्या ओळी आहेत. तो प्रत्येक माइकवर एकाच खोलीत, माग चालू असताना वाचते आणि चुका मोजते. जी चूक सगळ्या माइकवर तशीच राहते ती माइकची नव्हे. आमचं बोलणं यंत्राने पुरेसं ऐकलेलं नाही, त्याला कितीही पैसे घातले तरी ती चूक राहणार. जी चूक माइक बदलल्यावर जाते तेवढ्याचेच पैसे मोजायचे. माझ्याकडे हेडसेटने 'साल-शाल' बरोबर यायला लागलं. 'येळ्ळूर' मी अजून हाताने दुरुस्त करते.

घरात बसून रोज लिहिणाऱ्याने दांडीचा यूएसबी हेडसेट घ्यावा. वडीलधाऱ्यांचं बोलणं, ओव्या, म्हणी गोळा करणाऱ्याने तारेचा कॉलर माइक. तो हजाराच्या आत मिळतो, तेव्हा दोन्ही कामं करणाऱ्याने दोन्ही घेतले तरी एका बऱ्या कंडेन्सरपेक्षा स्वस्त पडतात. आधी एकच घ्यायचा झाला आणि घरी कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर कॉलर माइक आधी घ्या.