‘शिंडलर्स लिस्ट’ की ‘शोआ’? वर्गात आधी काय दाखवाल

कोल्हापुरात इतिहास शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीपुढे हा पेच होता: ज्यूंच्या वंशसंहारावर मुलांना आधी काय दाखवायचं? तुमच्यापुढेही असेल, तर मला वाटतं ते सांगते.

‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) हा चित्रपट सव्वातीन तासांचा. त्यात गोष्ट आहे, नायक आहे, कृष्णधवल गर्दीतून चालत जाणारा एका मुलीचा लाल कोट आहे. मुलं जागची हलत नाहीत. मीही रडले होते. पण गोष्ट शिंडलरने वाचवलेल्या सुमारे ११०० जणांची, आणि मारले गेले जवळपास ६० लाख. माणूस सुटकेचा श्वास टाकून बाहेर पडतो. माझं अडतं ते तिथेच.

क्लोद लांझमान यांचा ‘शोआ’ (१९८५) हा माहितीपट साडेनऊ तासांचा. त्यात युद्धकाळातली एकही जुनी फीत नाही. त्या जागा चित्रीकरणाच्या वेळी कशा होत्या ते दिसतं, आणि माणसं बोलतात. आब्राहाम बोम्बा हे न्हावी. ट्रेब्लिंका या नाझींच्या मृत्युछावणीत बायकांना गॅसने मारण्याआधी त्यांचे केस कापायला यांना लावलं होतं. लांझमान त्यांना इस्रायलमधल्या एका सलूनमध्ये उभं करतात. खुर्चीत गिऱ्हाईक, हातात कात्री. सांगता सांगता बोम्बा येतात त्यांच्या सोबतीच्या न्हाव्यापाशी, ज्याची बायको आणि बहीण त्याच खोलीत आल्या. तिथे त्यांचा आवाज बंद होतो. ते तोंड पुसतात, नको म्हणतात. लांझमान सोडत नाहीत. कॅमेराही हटत नाही.

सलून भाड्याचं होतं, प्रसंग जुळवून आणलेला होता, हे मुलांना आधीच सांगा. एखाद्याकडून असं वदवून घ्यावं का, यावर वर्गात भांडण झालं तर होऊ द्या.

माझी आजी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. सोव्हिएत राजवटीने घरंदारं सोडायला लावलेले सुमारे ५००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत होते. तो इतिहास वेगळा, गल्लत नको. पण आजी सांगायची, एक पोलिश बाई तिच्याशी तासभर बोलत बसायची. भाषा ओ की ठो कळायची नाही. ‘उठून कशी जाऊ गं,’ म्हणायची.

मैत्रिणीला सांगितलं, पहिल्या तासाला बोम्बांचाच भाग लाव. ते इंग्रजीतून बोलतात, मुलांना कळेल. तो संपल्यावर घंटा व्हायला पंधरा मिनिटं राहतील असं बघ. ‘शिंडलर्स लिस्ट’ नंतर, एखाद्या शनिवारी, सलग.